दहा सेकंदांचा प्रश्न

अलाबामात नव्याने राहायला आलेल्या माणसाला नाव-गाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तुम्ही कुणाचे? उत्तरं दोनच असतात : टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठाचे, नाहीतर ऑबर्न विद्यापीठाचे. प्रश्न फुटबॉलचा असतो, शिक्षणाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ‘आम्ही कुणाचेच नाही, आम्ही सांगलीचे’ असं उत्तर मी सुरुवातीला देऊन पाहिलं. समोरचा माणूस नम्रपणे हसे आणि मनातल्या मनात आपल्यापुढे ‘अजून ठरलेलं नाही’ अशी नोंद करून मोकळा होई.

हंट्सव्हिल या गावात आम्ही बारा वर्षं काढली. मी संख्याशास्त्राची. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं काम, त्यामुळे कुणी एखादी गोष्ट सुरक्षित आहे किंवा घातक आहे असं म्हटलं की ‘कशावरून?’ हा शब्द तोंडून आपोआप निघतो. घरात त्यावरून माझी पुरेशी चेष्टा झालेली आहे. २०१४च्या फेब्रुवारीत मुलगा आठवीत होता. पुढच्या वर्षी हायस्कूलच्या फुटबॉल संघात जायचं म्हणून एके दिवशी तो एक कागद घेऊन आला. डोक्याला मार बसून मेंदू हादरणं, म्हणजे कन्कशन, त्याची लक्षणं कोणती, ती दिसली तर मुलाला खेळातून लगेच बाहेर काढलं जाईल, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत घेतलं जाणार नाही, वगैरे. खाली पालकाच्या सहीची जागा. असा कागद पालकांकडून सही करून घ्यायचा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ साली पहिल्यांदा केला, अलाबामाने २०११मध्ये, आणि २०१४च्या सुरुवातीपर्यंत देशातल्या सगळ्याच राज्यांत या प्रकारचा कायदा झाला होता.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक बातमी होती. कॉलेज फुटबॉलच्या नियम समितीने खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी एक नवा नियम सुचवला होता. सुरक्षितता हा शब्द एकीकडे आमच्या जेवणाच्या टेबलावर आणि दुसरीकडे क्रीडापानावर. मी बातमी वाचायला घेतली, आणि तिच्यातून बाहेर यायला मला बरेच महिने लागले.

त्यासाठी आधी हा खेळ थोडा सांगायला हवा. सांगलीहून आईचा फोन आला की ती दर वेळी विचारायची, ‘फुटबॉल म्हणजे पायानेच खेळतात ना गं?’ नाही. पायाचा संबंध फार थोडा. शंभर यार्डांचं मैदान, प्रत्येकी अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला प्ले म्हणतात. मधला खेळाडू दोन पायांतून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. मग पाच-सहा सेकंद धुमश्चक्री, शिट्टी, सगळे थांबतात. पुढच्या प्लेआधी संघ डोक्याला डोकी लावून घोळक्यात कुजबुजतो, तो हडल. पुन्हा रांगा, पुन्हा स्नॅप. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१०मध्ये घड्याळ लावून मोजलं, तेव्हा तीन तासांहून लांबलेल्या व्यावसायिक सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात होता साधारण अकरा मिनिटं. बाकीचा वेळ थांबण्याचा. तो थांबण्याचा वेळ कुणाच्या मालकीचा, यावर २०१४चं भांडण होतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. इथे चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे असतात, आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून कॉलेजांतही दोन प्लेंच्या मध्ये हवे तितके खेळाडू बदलता येतात. म्हणून माणसं तयारही तशीच होतात. बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा एकशेचाळीस किलोचा गडी पाच सेकंदांच्या ताकदीसाठी घडवलेला असतो. तीन-चार प्ले झाले की तो बाहेर येतो, पाणी पितो, दुसरा आत जातो. तो बाहेरच येऊ शकला नाही तर?

नेमकं हेच हेरून काही कोचनी हडल काढून टाकला. नियम असा, की एक प्ले संपल्यापासून चाळीस सेकंदांच्या आत पुढचा स्नॅप झाला पाहिजे. पंचाने चेंडू जागेवर ठेवल्यावर कमीत कमी किती थांबायचं, याला मात्र बंधन नाही. आणि चढाई करणाऱ्यांनी खेळाडू बदलले तरच बचावाला बदली करायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी बदललेच नाहीत तर पंच खोळंबत नाही. म्हणजे तेच अकरा ठेवा, धावत जाऊन रांग लावा, बाहेरून पुठ्ठ्याच्या फलकावरच्या चित्रांनी खूण घ्या आणि पंधरा-वीस सेकंदांत चेंडू उचला. समोरचा दमलेला गडी आत अडकला. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम मोजला जायचा. इथे समोरच्याचा दम मोजून चढाई होते.

कॉलेज फुटबॉलमध्ये हे चाळीस सेकंदांचं घड्याळ आलं २००८ साली. त्याआधी पंचाने ‘तयार’ अशी खूण केली की पंचवीस सेकंद सुरू व्हायचे, म्हणजे गती थोडीफार पंचाच्या हातात असायची. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा बदल हाच, आणि त्याची बातमी फारशी कुणी लक्षात ठेवलेली नाही. ओरेगनच्या चिप केली यांनी २००९नंतर या गतीचं शास्त्र केलं. त्यांचा संघ सामन्यात ऐंशीच्या आसपास प्ले खेळे, तेव्हा अलाबामासारखा संथ, वजनदार संघ साठ-पासष्टवर थांबे. ऑबर्नचे गस मालझान हे मुळात आर्कान्सामधले हायस्कूल कोच; त्यांनी तर या घाईच्या पद्धतीवर २००३मध्ये पुस्तकच लिहिलं होतं.

आता १२ फेब्रुवारी २०१४. समितीने सुचवलं : चाळीस सेकंदांतले पहिले दहा सेकंद बचावाला बदलीसाठी राखून ठेवावेत. घड्याळ एकोणतीसवर येण्याआधी कुणी स्नॅप घेतला तर पाच यार्डांचा दंड. दोन्ही अर्धांतली शेवटची दोन मिनिटं तेवढी यातून वगळली होती. ही सवलत वाचताना माझ्या मनात पहिली शंका आली. दमलेल्या खेळाडूला धोका असतो म्हणून नियम करायचा, आणि माणूस सर्वांत दमलेला असतो त्या शेवटच्या मिनिटांतच तो शिथिल करायचा?

दुसरी गोष्ट कळायला थोडं खोदावं लागलं. कॉलेज फुटबॉलचे नियम तेव्हा दर दोन वर्षांनी बदलता येत, आणि २०१४ हे बदलाचं वर्ष नव्हतं. मधल्या वर्षात फक्त खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठीच बदल करता येई. म्हणजे हा नियम त्या वर्षी आणायचा तर त्याच्या कपाळावर सुरक्षिततेचं कुंकू लावण्याखेरीज मार्ग नव्हता. समितीपुढे जाऊन बाजू मांडणारे दोन कोच होते : अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बिलेमा. दोघेही संथ, वजनदार फुटबॉलचे पुरस्कर्ते. सेबन यांच्या संघाला नोव्हेंबर २०१२मध्ये टेक्सास ए अँड एमने घरच्या मैदानावर हरवलं होतं. ३० नोव्हेंबर २०१३ला मालझान यांच्या ऑबर्नने शेवटच्या क्षणी हरवलं. त्या रात्री आमच्या गल्लीत निम्मी घरं अंधारात होती आणि निम्म्या घरांत पहाटेपर्यंत दिवाळी. २ जानेवारी २०१४ला ओक्लाहोमाने वेगवान खेळ करून पंचेचाळीस गुण लावले. आणि सहाच आठवड्यांनी हा प्रस्ताव.

विरोधक तुटून पडले. ॲरिझोनाचे रिच रॉड्रिगेझ यांनी ‘स्पीड’ या सिनेमाची नक्कल करणारी फीत काढली. मालझान यांनी पुरावा मागितला. बिलेमा यांना कुणीतरी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी मृत्यूच्या दाखल्यांचा उल्लेख केला. काहीच दिवसांपूर्वी कॅलिफोर्नियात एक विद्यार्थी-खेळाडू सरावातल्या धावण्यानंतर मरण पावला होता. त्याचा वेगवान सामन्याशी संबंध नव्हता, मोसम संपलेला होता. बिलेमा यांना नंतर माफी मागावी लागली. ५ मार्चला प्रस्ताव बासनात गेला.

इथपर्यंत गोष्ट सरळ दिसते. हरणाऱ्यांनी सुरक्षिततेच्या आडून रडीचा डाव खेळला आणि तो फसला. मीही सुरुवातीला हेच धरून चालले होते. मला अडवलं आमच्या शेजाऱ्यांनी. हे निवृत्त हायस्कूल कोच, वय पंच्याहत्तरच्या पुढे, मला कायम ‘मॅम’ म्हणत. मी कुंपणापाशी माझा निष्कर्ष त्यांना ऐकवला. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मॅम, दमलेलं पोर गुडघ्यात वाकत नाही. ते कमरेत वाकतं. कमरेत वाकलं की डोकं खाली जातं. तुमच्या कागदांत हे असेल की नाही, मला ठाऊक नाही.’

माझ्या कागदांत ते होतं, फक्त मी त्या बाजूने वाचलेलं नव्हतं. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९०५ साली या खेळात अठरा-एकोणीस मुलं मेली. घट्ट घोळका करून एका बिंदूवर धडकायचं, हात हातांत गुंफून चेंडूवाल्याला मागून ढकलायचं, पुढून ओढायचं, असा तो खेळ होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यातून आणि नंतरच्या बैठकांतून १९०६चे नियम आले आणि आज कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा पायाही पडला. या नियमांतला सर्वांत महत्त्वाचा कोणता? चेंडू पुढे फेकायची परवानगी. आधी ती नव्हती. कारण असं, की चेंडू हवेतून लांब जाऊ शकला तर बचाव करणाऱ्यांना पांगावं लागेल, गर्दी फुटेल, चेंगराचेंगरी कमी होईल. म्हणजे आज ज्या मोकळ्या, पसरलेल्या, भराभर फेकाफेकीच्या खेळावर सुरक्षिततेच्या नावाने खटला भरला गेला, तो जन्माला आला होता सुरक्षिततेचाच उपाय म्हणून.

उपाय लगेच लागू पडला नाही. १९०९मध्ये पुन्हा मृत्यू वाढले. वेस्ट पॉइंटचा एक कॅडेटही गेला. मग १९१०मध्ये ढकलणं-ओढणं बंद झालं, रांगेवर सात जण सक्तीचे झाले, आणि सामना दोन अर्धांऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत वाटला गेला. हा शेवटचा बदल मला फार बोलका वाटतो. खेळाडूंना श्वास घ्यायला मिळावा, यासाठी घड्याळालाच हात घातला गेला होता. दमणं आणि दुखापत यांची सांगड सेबन यांनी पराभवाच्या रागात शोधून काढली, असं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. ती या खेळाच्या नियमपुस्तकात शंभर वर्षांपासून आहे.

शेजारचे कोच ज्या डोकं खाली जाण्याबद्दल बोलत होते, त्याचा काळ त्यांनी स्वतः पाहिलेला. कडक प्लॅस्टिकची हेल्मेटं आली, तोंडापुढे जाळी आली, तेव्हा चेहरा वाचला. पण डोकं हे हत्यार झालं. ‘आम्हीच पोरांना शिकवायचो,’ ते म्हणाले, ‘कपाळ त्याच्या छातीत घाल म्हणून. आम्हालाही तसंच शिकवलेलं.’ १९६८ या एका मोसमात प्रत्यक्ष खेळातल्या आघातांनी ३६ मृत्यू झाले. जोसेफ टॉर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९७५मध्ये डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतींची देशव्यापी नोंदवही सुरू केली. मान मोडून दोन्ही हात-पाय कायमचे गेलेली मुलं त्यांनी एकेक करून मोजली, चित्रफिती पाहिल्या, आणि दाखवून दिलं की डोकं किंचित खाली झुकवून टाळूने धडक दिली की मानेचे मणके सरळ रेषेत येतात आणि कोसळतात. १९७६मध्ये डोक्याने पहिली धडक द्यायला हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे बंदी आली. १९७६च्या मोसमात अशी ३४ मुलं पंगू झाली होती. पुढच्याच वर्षी १८, आणि १९८४मध्ये ५. १९९० या वर्षी प्रत्यक्ष आघाताने एकही मृत्यू झाला नाही.

हे आकडे मी कोचना वाचून दाखवले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता लॉनकडे बघत होते.

मोजून केलेल्या नियमाचं दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. सामना सुरू करताना चेंडू लाथेने लांब उडवतात, तो किकऑफ. त्यात दोन्ही संघ पन्नास-साठ यार्ड धावत येऊन आपटतात. आयव्ही लीगच्या कॉलेजांनी २०१६मध्ये लाथ मारायची जागा पाच यार्ड पुढे सरकवली, म्हणजे बहुतेक चेंडू मैदानाच्या टोकापार जावेत आणि परतीची धाव होऊच नये. आधी-नंतरची मोजणी २०१८मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आली : किकऑफच्या दर हजार प्लेंमागे कन्कशनचं प्रमाण १०.९३ होतं, ते २.०४ झालं. पाच यार्ड! असा निकाल हाती येतो, तेव्हा माझ्या व्यवसायातल्या माणसाला खुर्चीतून उठून एक फेरी मारावीशी वाटते.

दहा सेकंदांच्या नियमामागे असं काही नव्हतं. पण मग सेबन यांचा मुद्दा पोकळ होता का? त्यांनी मार्चमध्ये एक तुलना केली होती. आशय असा, की दिवसाला एक सिगारेट ओढणारा आणि वीस ओढणारा यांना सारखाच धोका, असं कोणी म्हणेल का? ऐंशी प्ले म्हणजे साठपेक्षा जास्त धडका, हे सांगायला अभ्यास कशाला हवा? त्या वेळी हे ऐकून लोक हसले. पुढच्या काही वर्षांत जे संशोधन आलं, ते मात्र हसण्यासारखं नव्हतं.

बेनेट ओमालू या डॉक्टरांनी २००२मध्ये वारलेल्या माइक वेबस्टर या व्यावसायिक खेळाडूच्या मेंदूत जे पाहिलं आणि २००५मध्ये छापलं, त्यापासून ही कथा सुरू होते. वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदूत एका प्रथिनाचे गोळे साठत जातात, पुढे स्मृती, स्वभाव, सगळंच ढासळतं. या आजाराला सीटीई म्हणतात. बॉस्टन विद्यापीठात ॲन मॅकी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलं, की तपासलेल्या १११ व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मेंदूंत तो होता, कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३पैकी ४८ जणांत, आणि फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४पैकी ३ जणांत. हे आकडे वाचताना सावध राहायला हवं. मेंदू दान करणारी कुटुंबं बहुतेक वेळा आधीच काहीतरी बिघडलेलं पाहिलेली असतात, म्हणून हे सगळ्या खेळाडूंचं प्रमाण नव्हे. त्याच गटाने नंतर वर्षांचा हिशेब मांडला. फुटबॉल खेळण्याच्या दर वर्षागणिक या आजाराची शक्यता सुमारे तीस टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. एखादी मोठी धडक, डोळ्यांपुढे अंधारी, यांपेक्षा वर्षानुवर्षांची बेरीज जड ठरते. म्हणजे सिगारेटची उपमा तत्त्वतः चुकीची नव्हती.

फक्त तिचा धागा शेवटपर्यंत ओढायला हवा होता. बेरीज कमी करायची तर दहा सेकंद थांबून काय होणार? प्लेंची संख्याच कमी करावी लागेल. सामने कमी करावे लागतील. आणि सर्वांत आधी सरावाकडे बघावं लागेल. कॉलेज फुटबॉलमधल्या सहा संघांच्या खेळाडूंच्या हेल्मेटांत संवेदक बसवून २०१५ ते २०१९ असा अभ्यास झाला, तो २०२१मध्ये छापून आला. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांपैकी दोन-तृतीयांश आणि कन्कशनपैकी ७२ टक्के सरावात होते. कन्कशनपैकी जवळजवळ निम्मे तर मोसमाआधीच्या उन्हाळी सरावात. सामन्यातला वेग दोन संघांच्या ओढाताणीतून ठरतो. मंगळवारी दुपारी मुलांनी एकमेकांवर किती वेळा आपटायचं, हे मात्र एकटा कोच ठरवतो. २०१४च्या त्या गदारोळात, दोन्ही बाजूंच्या कोचांपैकी कुणी आपल्या सरावाचा हिशेब मांडल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. दिवसातून दोनदा सराव घेण्यावर एनसीएएने २०१७मध्ये बंदी घातली, आणि २०२१च्या त्या अभ्यासानंतर उन्हाळ्यातल्या पूर्ण धडकेच्या सरावांवरही मर्यादा आली.

वेगाने एक भलतंच अपत्यही जन्माला घातलं : खोटी दुखापत. बदली करायला वेळ मिळत नाही ना, मग एकाने पाय धरून खाली बसायचं. पंचाला खेळ थांबवावा लागतो. ही युक्ती जुनी आहे. १९८८च्या मोसमात सिनसिनाटीचे सॅम वाइश हडलशिवाय खेळत, तेव्हा बफेलोचे मार्व लेव्ही यांनी आमचेही खेळाडू पडतील असं सुचवलं होतं. अंतिम फेरीत जाण्याच्या सामन्यापूर्वी काही तास लीगने वाइश यांनाच तंबी दिली, की घाई केलीत तर दंड करू. गंमत पुढे आहे. दोन वर्षांत त्याच लेव्हींच्या बफेलोने हडल सोडून दिला आणि त्या जोरावर सलग चार सुपर बोल गाठले. २०१०मध्ये ओरेगनविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या एका खेळाडूला पडायला सांगितल्याबद्दल त्यांच्या सहायक कोचला एका सामन्यासाठी घरी बसवलं गेलं. २०११मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचे दोन बचावपटू टीव्हीवर एकाच क्षणी खाली बसलेले सगळ्या देशाने पाहिले.

मला यातली फसवणूक तितकी खुपत नाही. मी प्रेक्षकांत बसून जे ऐकलं ते खुपतं. आमच्या हायस्कूलच्या मैदानावर शुक्रवारी रात्री पाहुण्या संघाचा एक मुलगा पडला, आणि आमच्या बाजूने हुर्यो उडाली. चांगली, चर्चला जाणारी माणसं. तो मुलगा काही वेळाने दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर गेला, त्याचा उजवा पाय जमिनीला टेकत नव्हता. सोळा वर्षांच्या, जमिनीवर पडलेल्या मुलावर आधी संशय घ्यायचा, हे वळण कोणत्या दुखापतीच्या तक्त्यात मांडायचं? २०२५पासून कॉलेजांत नियम आहे, की पंचाने चेंडू जागेवर ठेवल्यानंतर उपचारासाठी कुणाला मैदानात यावं लागलं तर त्या संघाचा एक टाइमआउट कापला जातो. तो शिल्लक नसेल तर पाच यार्ड जातात. खऱ्या दुखापतीचीही किंमत त्यात वसूल होणार, हे नियम करणाऱ्यांना कळत नसेल असं नाही.

बाकी सगळे यथावकाश बदलले. प्रस्ताव बारगळला त्याच २०१४च्या मोसमापासून सेबन यांनी लेन किफिन यांना चढाईचं काम दिलं. अलाबामाचा संघ मोकळा आणि वेगवान झाला आणि पुढेही जिंकत राहिला. सेबन २०२४च्या जानेवारीत निवृत्त झाले. आणि ज्या बेरजेबद्दल ते बोलत होते, तिच्याकडे एनसीएएचं लक्ष २०२३मध्ये गेलं : दहा यार्ड पूर्ण झाल्यावर घड्याळ थांबायचं, ते आता शेवटच्या दोन मिनिटांखेरीज थांबत नाही, म्हणजे सामन्यातले थोडे प्ले कमी होतात. तेव्हा दिलेल्या कारणांत खेळाडूंवरचा भार हे एक होतं. जाहिरातींचे थांबे तेवढेच राहिले. शिवाय पुढच्याच वर्षी विजेतेपदाच्या फेरीत चारऐवजी बारा संघ आले, म्हणजे प्रत्येक सामन्यात वाचवलेले प्ले शेवटपर्यंत पोचणाऱ्या मुलांना जादा सामन्यांत खेळून काढावे लागतात. इतका चोख जमाखर्च माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आणि तो कागद. मी सही केली नाही. कारण म्हणून मी मुलाला जे सांगितलं त्यात आकडे पुष्कळ होते. तेव्हा हाती होते ते सगळे, आणि त्यांच्या मर्यादाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आई, तू स्वतःच म्हणालीस की हायस्कूलपुरता पुरावा कमी आहे. मग कशावरून?’ मला उत्तर देता आलं नाही. देता आलं नाही तरी मी सही केली नाही. हे संख्याशास्त्र नव्हतं, हे मला त्याच्यापेक्षा आधी कळलं होतं.

तो पंधरा दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मग शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवू लागला. शुक्रवारी रात्री बँडच्या रांगेत बसून तो एका वहीत सामना मोजायचा. किती प्ले झाले, दोन स्नॅपच्या मध्ये किती सेकंद गेले, कोण खाली बसलं, कोण परत आलं, कोण आलं नाही. सुरुवातीला बहुधा माझ्यावरच्या रागाने. पुढे सवयीने, चार वर्षं. शेजारचे कोच ती वही मागून नेत आणि दोन दिवसांनी समासात पेन्सिलीने काहीबाही लिहून परत देत. आम्ही हंट्सव्हिल सोडलं तेव्हा ती माझ्या खोक्यात आली. मंगळवार-बुधवारच्या सरावाचेही रकाने त्याने आखून ठेवलेले आहेत. पण बँडचा सराव त्याच वेळी पलीकडच्या गाड्यांच्या तळावर असायचा, त्यामुळे ते सगळे कोरे आहेत.